चौथं रीळ आणि थळची हिरूबाय

ज्यांनी अलिबागचा किनारा पाहिला नाही त्यांनी तो जरूर पाहावा, पण मी गेलो तसं जाऊ नये. माझ्याजवळ एक वळकटी, एक छत्री आणि तीन जपानी चित्रपटांच्या पंधरा रिळांची पेटी होती. ती तीन चित्रं मी गावोगावच्या लोकांना समजावून सांगायची होती, आणि मला जपानीतलं अक्षरही येत नव्हतं.

समजावून सांगणं हा माझा धंदाच होता. आठ वर्षं मी गिरगावातल्या एका थिएटरात पडद्याच्या डाव्या अंगाला छडी घेऊन उभा राहिलो. पडद्यावर बाई रडू लागली की "ही आता रडते आहे" असं लोकांना सांगणारा जो माणूस असे, तो मी. बरं, मी नुसतं रडते म्हणून सोडत नसे. का रडते, तिची सासू कशी, तिच्या बापानं काय पाप केलं होतं, सगळं पदरचं घालून सांगत असे. मग बोलपट आले. बायका आपल्या तोंडानं रडू लागल्या आणि मालकांनी मला नारळ दिला.

माझ्याखेरीज त्याचं वाईट वाटलेला एकच माणूस होता, तानिमोतो. कापसाच्या एका जपानी पेढीत तो कारकून होता आणि आमच्या थिएटरात दर शनिवारी पहिल्या रांगेत बसे. एका संध्याकाळी तो माझ्या खोलीवर आला, उंबऱ्याबाहेर जोडे काढले, कमरेत वाकला आणि आपल्या मेव्हण्याची कथा सांगू लागला.

मेव्हण्याचं नाव इसोगाई. विसाव्या वर्षी तो तिकडच्या एका स्टुडिओत दिवे उचलायला लागला आणि पंचविसाव्या वर्षी दिग्दर्शक झाला. आधी त्यानं तलवारबाजीची चित्रं काढली, इतकी की स्टुडिओतल्या लाकडी तलवारी झिजल्या. मग एके दिवशी कंटाळला आणि कारकुनांच्या फजितीची चित्रं काढू लागला. तीही चालली. तेव्हा तो ऐन भरात असताना एका कोळीवाड्यात जाऊन राहिला आणि असं चित्र काढलं की ज्यात कोणी लढत नाही आणि हसण्यासारखं काही घडत नाही. मालक म्हणाले, तुला नक्की काय येतं ते ठरव. तेवढ्यात तिकडेही बोलपट आले. मालक म्हणाले, आता पात्रांना बोलायला लाव नाहीतर घरी बस. इसोगाई घरी बसला आणि परसात मुळे लावू लागला.

त्यानं तानिमोतोला पत्र लिहिलं होतं. माझी तीन तऱ्हेची तीन चित्रं पाठवतो. जिथे आपला देश कोणाला ठाऊक नाही अशा ठिकाणी ती दाखव. लोकांना कळली तर मी आणखी एक मुका चित्रपट काढीन. न कळली तर मुळे बरे. जे घडेल ते खरं कळव.

"मास्टर, आप बोलेगा, लोग समझेगा," तानिमोतो म्हणाला. दौरा साधला तर मुंबईतल्या जपानी मंडळींच्या क्लबातर्फे मला असाच सबंध कोकणभर फिरवायचं त्यानं कबूल केलं. म्हणजे त्याच्या मेव्हण्याचा धंदा आणि माझा धंदा एकाच पेटीत बंद होता.

मांडवा

यंत्र फिरवायला दाऊदभाई होते. मूळचे रेवदंड्याचे, साठीचे, आणि उभ्या आयुष्यात एकही चित्रपट न पाहिलेले. "मी पिक्चर बघत नाय मास्तर, मी बत्ती बघतो," ते म्हणत. फिल्म लवकर पेट घेते आणि आमची बत्ती कार्बाईडची, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. एका हातानं यंत्राचा दांडा फिरवायचा, नजर ज्योतीवर, आणि तोंडात पान.

मांडव्याला मचवा किनाऱ्याला लागत नाही. कमरेभर पाण्यात उभी असलेली माणसं उतारूंना खांद्यावर घेऊन वाळूत नेऊन ठेवतात. मी उतरलो तो एका माणसाच्या मानेला मिठी मारून. गिरगावात ज्यांनी माझं भाषण ऐकलंय त्यांनी मला त्या अवस्थेत पाहिलं नाही हे नशीब. पेटी दुसऱ्याच्या डोक्यावर होती. मी घाबरून "पेटी, पेटी" ओरडलो, तो वळून बघायला लागला आणि पेटीनं एक बुडी घेतली.

रिळं पत्र्याच्या डब्यांत होती, एकेका चित्राचे पाच डबे सुतळीनं एकत्र बांधलेले, ती वाचली. पण तानिमोतोनं प्रत्येक डब्यावर मराठी आकडा घालून चिठ्ठी चिकटवली होती, शिवाय तिन्ही कथा मला कागदावर लिहून दिल्या होत्या, ज्या मी अजून उघडूनही पाहिल्या नव्हत्या. त्या सगळ्याचा निळा चिखल झाला. डब्यांवर उरले ते मूळचे जपानी आकडे. एकाला एक रेघ, दोनाला दोन, तिनाला तीन, इथवर जपानी लोक समंजस आहेत. पुढे मात्र एक खिडकीसारखी खूण आणि एक मोडक्या खुर्चीसारखी. मी दाऊदभाईंना विचारलं. ते म्हणाले, "चारपायी खुर्ची, म्हणजे चार." मला ते पटलं. माणूस अडला की त्याला काहीही पटतं.

चौल

बैलगाडीनं चौलात पोचलो. सगळा गाव नारळी-पोफळीच्या सावलीत, रस्ता कुठला आणि कोणाची वाडी कुठली ते गाडीवानालाच ठाऊक. उतरलो बापू नाईकांकडे. बापूंची मोठी वाडी, तोंडात सदा सुपारी, आणि समोरच्यावर विश्वास न ठेवण्याची जन्माची सवय.

पहिल्या दिवशी त्यांनी पोपटी लावली. वालाच्या शेंगा, वांगी आणि अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरून मडकं उपडं घालतात आणि भोवती जाळ करतात. आम्ही मुंबईकर शेंगा सोलून, निवडून, फोडणी देऊन खातो. इथे हात भाजत, एकमेकांच्या पुढचं ओढत खायचं. मी इतक्या शेंगा खाल्ल्या की संध्याकाळी बोलायला उभा राहिलो तेव्हा मला आधाराला पोफळ लागली.

पडदा म्हणून दोन धोतरं जोडली होती. तलवारीचं चित्र लावलं. चौथ्या रिळात, म्हणजे आमच्या खुर्चीच्या रिळात, नायक दहा-बारा जणांशी लढून बर्फात मरून पडला. आणि पाचव्यात तोच गडी ठणठणीत उभा, पुन्हा त्याच माणसांशी लढतोय. माझ्या अंगाला घाम फुटला, पण तोंड थांबलं नाही. आठ वर्षांची सवय. "मंडळी," मी म्हटलं, "त्याच्या आईची पुण्याई मोठी होती. देवानं त्याला एका रात्रीपुरता परत पाठवलाय."

लोकांनी देवाचं नाव घेतलं. बापू तेवढे म्हणाले, "मेलेला माणूस परत आला तर त्याचं जानवं कोण बदलतं?"

"जपानात जानवं नाही."

"मग ठीक आहे," बापू म्हणाले.

जेवताना मी त्यांना इसोगाईची हकीकत सांगितली. गिरगावात ज्यांना सांगितली त्या सगळ्यांचं मत, माणसानं एक काहीतरी धरून राहावं, तलवार म्हणजे तलवार. बापूंनी ते ऐकून घेतलं आणि समोरच्या माडाकडे बोट केलं.

"याचं पाणी प्यायचं, खोबरं खायचं, तेल डोक्याला, काथ्याचे दोर, झापांनी घर शाकारायचं, हिराचा खराटा. उद्या त्याला कोणी सांगेल, बाबा रे, तू नक्की काय ते ठरव. माडाला जमतं ते तुमच्या जपान्याला जमलं तर यांच्या पोटात का दुखतं?"

इसोगाईबद्दल एवढं चांगलं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. बापूंनी त्याचं एकच चित्र पाहिलं होतं आणि तेही उलटंसुलटं, हे मी मनातच ठेवलं.

अलिबाग

अलिबागेत एका वकिलांच्या अंगणात विनोदी चित्र दाखवलं. प्रेक्षक सगळे कचेरीतले, टोप्या घालून ओळीनं बसलेले. गोष्ट अशी: कारकून साहेबाला घरी जेवायला बोलावतो आणि घरात ताटवाट्या नसल्यानं शेजारचे लोक भिंतीवरून आपली भांडी पुरवतात. ही भांडी पुढच्या घरी, पुढची मागच्या घरी, असा गोंधळ. अंगणात खूप हशा झाला. ते लोक भात दोन काड्यांनी खातात यावर बराच वाद झाला. वरणाचं काय करत असतील, हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही.

चौथ्या रिळात साहेब आणि कारकून गळ्यात गळा घालून गाऊ लागले. पाचव्यात साहेबानं त्याला नोकरीवरून काढलं आणि चित्र संपलं. मी छडी आपटून सांगितलं, "मंडळी, साहेब जेवला, गायला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं त्याला घरी बसवला."

मला वाटलं आता कोणी तरी पकडणार. पण मागच्या रांगेतून एक वयस्कर शिरस्तेदार म्हणाले, "अगदी खरं आहे. दिग्दर्शकाला कचेरीचा अनुभव दिसतो."

त्या रात्री मी समाधानानं झोपलो. आपण काहीही सांगितलं तरी खपतं, या समाधानासारखं दुसरं समाधान नाही.

थळ

थळला कोळीवाड्यात शिरलो तेव्हा समोर समुद्रात खांदेरी-उंदेरीची बेटं उन्हात दिसत होती आणि वाळूभर बांबूंच्या काठ्यांवर बोंबील वाळत होते. त्या वासाबद्दल मुंबईचे लोक नाक मुरडतात. मीही पहिला तासभर मुरडलं. मग तांदळाच्या भाकरीबरोबर बोंबलाचं कालवण पुढे आलं आणि मी नाकाला समजावलं.

ते कालवण हिरूबायनं केलेलं होतं. पन्नाशीची बाई, रोज अलिबागच्या बाजारात म्हावरं विकणारी, आवाज असा की भरतीच्या वेळी होडीतल्या माणसाला किनाऱ्यावरून हाक पोचावी. आम्हाला जागा, जेवण आणि पडद्यासाठी होडीचं शीड तिनंच दिलं.

तिथल्या बायकांच्या डाव्या हातातच काचेच्या बांगड्या, उजवा मनगटापासून मोकळा. मी थट्टेनं म्हटलं, "कोळणी काटकसरी दिसतात. एका हाताच्या बांगड्यांत भागवतात."

बायका हसल्या नाहीत. हिरूबाय भाकरी थापता थापता म्हणाली, "लगनात उजव्या हाताच्या बांगड्या दर्याला द्याच्या आसतात, मास्तर. त्यानं आमच्या धन्याला संबालाचं, म्हनून."

तेव्हा मी तिच्या हातांकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात मोकळे होते. मी भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिलो.

दिवेलागणीला शीड ताणलं आणि कोळीवाड्याचं चित्र सुरू केलं. हे मी स्वतःही कधी पाहिलं नव्हतं. लोक पहिल्या रिळापासून बोलायला लागले, पण माझ्याशी नाही, पडद्याशी. "जालं असं वडतात व्हय?" "ह्याला वल्हवाचं म्हाईत न्हाय. ह्यो शेहेराचा मानूस हाय." ती नायकाबद्दलची तक्रार हिरूबायची. मी दोनदा छडी आपटली. कोणी लक्ष दिलं नाही.

मग खुर्चीचं रीळ लागलं. किनाऱ्यावर ती बायको एकटी. ओढून ठेवलेली होडी. शेजारी येतात, वाकतात, जातात. ती घरातून नवऱ्याच्या गवती चपला आणते, ओहोटीच्या पाण्याच्या कडेला जोडीनं ठेवते आणि मागे न बघता घरी जाते. बायकांच्या घोळक्यात कोणी तरी नाक ओढलं. मग सगळीकडूनच तो आवाज यायला लागला.

त्यानंतर खिडकीचं रीळ. आणि त्यात नवरा. धडधाकट, हसत होडी लोटतोय, बायको हात हलवतेय.

आता इथे गप्प बसलो असतो तर हे प्रवासवर्णन लिहायची वेळ आली नसती. पण मी छडी वर करून गरजलो, "मंडळी, डोळे पुसा! दर्याला दया आली! गेलेला धनी परत आला!"

"थांबवा ते," हिरूबाय म्हणाली.

दाऊदभाईंनी दांडा सोडून बत्ती मालवली. ती उठून पुढे आली, कंदील हातात घेऊन शिडाजवळ उभी राहिली, आणि माझ्याशी बोलली ती बाजारातल्या आवाजात नव्हे.

"आदीच्या तुकड्यात काठीवरची मासली सुकलेली व्हती. ह्या तुकड्यात वली हाय, पानी गलतंय. सुकलेली मासली परत वली व्हते का, मास्तर? आन होरीला आदी नाकाजवल नवी फली मारलेली व्हती. आता जुनीच हाय. ह्यो तुकडा आदीचा, त्यो मागनं. तुमी उलटं लावलाव."

मी म्हटलं, "बाई, गोष्टीत कधीकधी..."

"माजा धनी खांदेरीच्या भायेर गेला. होरी आली, त्यो न्हाय आला. तीन वर्सां समदी मना सांगत व्हती, येल, हिरू, येल. मी तीन वर्सां दारात दिवा ठेवला." तिनं घोळक्याकडे हात केला. "ह्यांच्यात अशा चार हाईत. परत आला म्हनून सांगू नको."

ती मला अरेतुरे करून गेली हे तिच्याही लक्षात आलं नसावं. मला भयंकर लाज वाटली. चौलात मी एका मेलेल्याला उठवलं होतं, त्याची मला गंमत वाटली होती. इथे ज्यांनी बांगड्या देऊन बोली केली होती आणि ज्यांची बोली दर्यानं पाळली नव्हती, त्यांच्यासमोर मी तोच धंदा केला.

"पुन्यांदा लावा," ती दाऊदभाईंना म्हणाली. "बराबर लावा." मग माझ्याकडे वळून, पुन्हा अहोजाहोनं, "आन ह्या टायमाला तुमी गप ऱ्हवा."

ती दोन्ही रिळं आम्ही पुन्हा लावली. खिडकी आधी, खुर्ची नंतर. मी वाळूत बसलो. आठ वर्षांत प्रथमच मी चित्राकडे तोंड करून बसलो होतो. नवरा हसत गेला. बायकोनं हात हलवला. मागे समुद्र फुगायला लागला तसं मागून एक म्हातारा नुसतं "हं" म्हणाला. मग खुर्चीच्या रिळात सुकलेली मासळी, होडीवरची नवी फळी, शेजाऱ्यांचं वाकणं. ती चपला घेऊन आली. यंत्राचा आवाज बदललेला मला जाणवला. मागे पाहिलं तर दाऊदभाईंचा हात हळू पडला होता. ते ज्योतीकडे पाहत नव्हते, शिडाकडे पाहत होते. पडद्यावरची ती बाई सावकाश, फार सावकाश चालत पाण्यापर्यंत गेली.

चित्र संपल्यावर हिरूबायनं हातातल्या कंदिलाची वात मोठी केली. बायका उठल्या आणि आपापल्या घरी गेल्या.

गिरगाव

परतल्यावर मी पत्र लिहायला बसलो. तीन दिवस बसलो. पहिल्या दिवशीचा मसुदा माझ्या सवयीचा होता: लोकांनी वाहवा केली, निवेदकाच्या विवेचनामुळे गूढ स्थळं सुगम झाली. तो मसुदा पाठवला असता तर मी आज कोकणभर बैलगाडीत असतो.

शेवटी लिहिलं ते असं. तुमची पहिली दोन चित्रं मी उलटी दाखवली आणि लोकांनी ती माझ्या थापांसकट गोड मानून घेतली. तिसरं एका कोळणीनं ओल्या मासळीवरून सरळ करून घेतलं. ते मी तोंड मिटल्यावर सर्वांना कळलं, मलाही. तुम्हाला समजावून सांगणाऱ्या माणसाची गरज नाही. तुमच्या नायकाला वल्हवता येत नाही असं ती म्हणते.

आपल्याच पायावर धोंडा म्हणतात तो हाच. तानिमोतोनं पत्राचं भाषांतर केलं. करताना एकदा थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि कमरेतून वाकला. मी त्या दिवसापासून एका छापखान्यात प्रुफं तपासतो.

पुन्हा थळ

चार महिन्यांनी उत्तर आलं, त्याचं तानिमोतोनं केलेलं भाषांतर वाचून दाखवायला मी थळला गेलो. यंत्राशिवाय, पेटीशिवाय, आणि या खेपेला खांद्यावरून उतरताना गप्प बसून. हिरूबाय वाळूत बोंबील उलटत होती. मी शेजारी बसून वाचलं.

इसोगाईनं लिहिलं होतं: नायक टोकियोचा नट आहे, त्यानं होडी आधी कधी पाहिली नव्हती. हे मला ठाऊक होतं आणि आमच्याकडे कोणी ओळखलं नाही म्हणून मी गप्प राहिलो होतो. पुढच्या चित्रात खरा कोळी घेईन. काम सुरू केलं आहे. मुळे शेजाऱ्यांना दिले. आणि समजावून सांगणाऱ्या गृहस्थांना सांगा, आमच्याकडेही असे लोक घरी बसवले जात आहेत. माझा थोरला भाऊ त्यांतलाच. बारा वर्षं त्यानं माझी चित्रं समजावून सांगितली. गप्प बस, असं मी त्याला कधी सांगू शकलो नाही.

हिरूबायनं सगळं ऐकून घेतलं. "फुडल्या चित्रात गेलेला परत येतो आसं दाखवनार न्हाय ना?"

"नाही."

"मंग बरा हाय त्यो." तिनं चार बोंबील उलटले. "आन तुमी आता काय करता?"

"छापखान्यात बसतो. दिवसभर गप्प."

ती हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेव्हाच.

"बेस हाय. तवा गप बसलाव तं तुमी पन रडलाव," ती म्हणाली. "मी बगितला ना. कंदील माज्याच हातात व्हता."